सराईतला सातचा डाव

प्रश्न : मी मित्रांसाठी काल्पनिक जगातला टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका वठवायचा खेळ) चालवतो. एका खेळाडूचे पात्र चोर आहे आणि कोणत्याही सराईत पाऊल टाकताच ते जुगाराचा अड्डा शोधू लागते. लवकर उरकणारा, तरीही चोराच्या हातचलाखीला वाव देणारा फाशांचा एखादा सोपा डाव सुचवाल का?

उत्तर : कौशल्याचा एकच फासा टाकून ‘दहा नाणी जिंकलास’ असे जाहीर केले की जुगारातली धाकधूक उरत नाही, आणि नियम लांबले की बाकीचे खेळाडू ताटकळत बसतात. म्हणून सहा बाजूंच्या दोन साध्या फाशांवर भागणारा डाव बरा. पात्राने सातपेक्षा कमी, सातपेक्षा जास्त किंवा बरोबर सात यांपैकी एकावर पैज लावून फासे टाकावेत. कमी किंवा जास्तची पैज जिंकल्यास लावलेल्या रकमेइतका नफा द्यावा, बरोबर सातवर चौपट. दोन फाशांची ३६ दाने संभवतात. त्यांतली १५ सातच्या खाली, १५ वर आणि ६ नेमकी सातची असतात. त्यामुळे एकेक नाणे लावून ३६ डाव खेळणाऱ्याची सरासरी ६ नाणी मालकाच्या गल्ल्यात जातात, मग पैज यांपैकी कशावरही असो.

आता चोराचे पाहू. तुम्ही वीस बाजूंच्या फाशाने कौशल्य तपासता असे धरतो. दान विरुद्ध पडल्यावर, मालकाने नाणी ओढण्याआधी, पात्राला हातचलाखी करून पाहू द्यावी : वीस बाजूंच्या फाशावरचा आकडा आणि कौशल्याचा बोनस (पात्राच्या कौशल्यानुसार त्यात मिळवायचा आकडा) मिळून १५ किंवा अधिक झाले, तर दोहोंपैकी हवा तो एक फासा पुन्हा टाकता येतो, मात्र बोनस धरण्याआधीचाच आकडा ३ किंवा कमी असेल, तर चोरी उघडकीस येते. १५ ही मर्यादा मी हिशेब करून ठेवली आहे. कमी किंवा जास्तवर खेळणारे आणि प्रत्येक हरलेल्या दानावर हातचलाखी करणारे पात्र बोनस नसताना जवळजवळ बरोबरीत राहते, किंचित तोट्यातच. ५ चा बोनस असलेला चोर मात्र, पकडले जाण्याचे परिणाम हिशेबात न धरता, ३६ डावांत सरासरी साडेचार नाणी मिळवतो. बरोबर सातच्या पैजेवर हातचलाखीला परवानगी देऊ नका, कारण तिथल्या चौपट नफ्यामुळे चोराची कमाई आणखी वाढते आणि तो दुसऱ्या कशावर पैज लावणारच नाही. सातवर नाणे पडले की सगळ्या अड्ड्याचे डोळे फाशांवर खिळतात, एवढे कारण खेळाडूंना पुरते.

प्रश्न : आमचा चोर रात्रभर खेळत बसला तर?

उत्तर : प्रत्येक हरलेल्या दानावर हात मारणारा सरासरी अकरा-बारा डावांत एकदा पकडला जातोच, त्यामुळे फार वेळ वाट पाहावी लागणार नाही. तरीही एका रात्रीत दहा डावांची मर्यादा घालावी आणि तेवढ्या वेळात इतर पात्रांना मालकाच्या पहारेकऱ्यांशी गप्पा मारू द्याव्यात.