वापरलेली बेसबॉल बॅट घ्यायची तर कोणत्या मटेरियलची घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की क्लबात नुकतेच खेळायला लागलात, बजेट बेताचं आहे आणि समोर तीन वापरलेल्या बॅटी आहेत: एक कंपोझिट, एक ॲल्युमिनियमची, एक मेपलच्या लाकडाची. कंपोझिट मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शात मिळतेय म्हणून मन तिकडे ओढ घेतंय. माझं उत्तर सरळ आहे. ॲल्युमिनियमची घ्या, तीही शक्यतो एका तुकड्याची. नवी घ्यायची असती तर कदाचित वेगळं सांगितलं असतं, पण वापरलेल्या मालात प्रश्न एकच असतो: हिच्यात किती जीव उरलाय हे बघून कळतं का? ॲल्युमिनियमच्या बाबतीत बऱ्यापैकी कळतं, कंपोझिटच्या बाबतीत जवळजवळ नाही.

कंपोझिट म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या पदार्थात, बसवून केलेली पोकळ नळी. बॉल आदळला की बॅरलची, म्हणजे बॅटच्या जाड भागाची, भिंत किंचित आत दबते आणि उसळून परत येते. त्यामुळे बॉल स्वतः कमी चेपतो आणि त्याची ऊर्जा कमी वाया जाते. नवी असताना ही भिंत कडक असते. क्रिकेटची नवी बॅट जशी लाकडी हातोडीने ठोकून तयार करतात, तशी हिलाही शे-दीडशे फटके देऊन, दर फटक्यानंतर थोडी फिरवत, मोकळी करावी लागते. पण हे मोकळं होणं तिथे थांबत नाही. फटक्यागणिक रेझिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडत राहतात, भिंत आणखी सैल होते, बॉल आणखी लांब जातो आणि मग एके दिवशी बॅरलला तडा जातो. थोडक्यात, कंपोझिट बॅट सगळ्यात जोरात चालते ती मरायच्या जरा आधी. विकणारा ‘आत्ता तर कुठे मस्त चालायला लागलीये’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, म्हणूनच तर जास्त सावध व्हायचं. वापराने बॅट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जोरात चालायला लागते, या कारणावरूनच अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलने २००९ मध्ये कंपोझिट बॅरलवर काही काळ बंदी घातली होती.

त्यात बहुतेक कंपन्यांची वॉरंटी वर्षभराची आणि फक्त पहिल्या मालकापुरती असते. तुमच्या हातात तुटली की विषय संपला. थंडीत, साधारण १५ अंश सेल्सिअसखाली, ही बॅट वापरू नका असं बहुतेक उत्पादक सांगतात. आधीच्या मालकाने ते पाळलं का, हे बॅटकडे बघून कळणार नाही. मशीनवर सराव करताना वापरतात ते खळग्याखळग्यांचे टणक बॉलही तिची वाट लावतात, तेव्हा मालकाला हे दोन प्रश्न जरूर विचारा. काही लोक बॅरल रोलरमधून दाबून काढतात किंवा आतली भिंत तासून पातळ करतात. दोन्ही बेकायदा. एंड कॅपच्या, म्हणजे बॅरलच्या टोकावरच्या झाकणाच्या, कडेला डिंकाचे ओघळ किंवा स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे दिसले, किंवा वजन छापलेल्यापेक्षा कमी भरलं, तर बोलणंच थांबवा.

एवढं सांगूनही मोह सुटत नसेल तर बॅट चांगल्या उजेडात घ्या आणि बॅरलवरून नख फिरवा. रंगाला बारीक जाळी पडणं नेहमीचं आहे, त्याने बिघडत नाही. नख अडकलं तर मात्र तो तडा समजा. बॅरल दोन्ही हातांनी आवळून कुरकुर येते का बघा, कानाजवळ हलवून आत काही खुळखुळतंय का ऐका.

आता ॲल्युमिनियम. धातू लपवाछपवी करत नाही. पोचा पडला तर दिसतो, चीर गेली तर दिसते, आणि ताकद कमी होते तीही हळूहळू. मोकळी करायची भानगड नाही, थंडीचंही फारसं काही नाही. लहानसहान खुणा असल्या तर घासाघीस करायला उलट बरंच. बोट फिरवताना खोलगट लागेल असा पोचा असेल, किंवा बॅरल कुठेही चपटं झालं असेल, तर नको. पंच तपासतात ते कडं मिळालं तर बॅरलवरून घालून बघा; अडलं तर ती बॅट सामन्यात चालणार नाही. एका तुकड्याच्या बॅटचा तोटाही सांगतो: बॉल हँडलजवळ किंवा अगदी टोकाला लागला की हाताला सणसणीत झिणझिण्या येतात. दोन तुकड्यांच्या बॅटमध्ये त्या कमी येतात, पण मग सांधा तपासायला हवा. हँडल आणि बॅरल धरून उलटसुलट पिळा. किंचितही हललं तर सोडून द्या.

स्वस्त मिळण्याचं खरं कारण बऱ्याचदा शिक्क्यात असतं. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलमध्ये २०११ पासून आणि हायस्कूलमध्ये २०१२ पासून धातूच्या व कंपोझिट बॅटीवर ‘बीबीकोर .५०’ हा शिक्का लागतो, म्हणजे बॅटवरून बॉल किती उसळावा याची मर्यादा ती पाळते. त्याआधीच्या बॅटी तिथे बाद झाल्या. मुलांच्या बॅटींचं मानकही २०१८ पासून बदललं. अशा बाद बॅटी सुस्थितीत असूनही कवडीमोलाने फिरत असतात. नुसत्या सरावाला त्या वाईट नाहीत, पण तुमच्या लीगचा नियम विचारल्याशिवाय पैसे काढू नका. आणि बॅरलचा व्यास बघा: सॉफ्टबॉलची बॅट सव्वादोन इंचांची असते आणि ती बेसबॉलच्या टणक बॉलसाठी केलेलीच नसते. बीबीकोर बॅटचं बॅरल जास्तीत जास्त २.६२५ इंच. अर्धवट माहितीचे विक्रेते दोन्ही एकाच ढिगात ठेवतात.

मेपलच्या बॅटबद्दल फार लिहीत नाही, कारण लाकडी बॅट मी वापरलेली घेणार नाही. लाकडी बॅट तुटायचीच, आणि साधी नवी लाकडी बॅट तशीही महागातल्या कंपोझिटच्या मानाने स्वस्त असते. ॲशच्या लाकडाची बॅट जुनी होते तसे तिचे पापुद्रे सुटतात, म्हणजे निदान सूचना तरी मिळते. मेपल शेवटपर्यंत ठणठणीत दिसते आणि एकदम तुटते. अमेरिकेचा व्यावसायिक खेळाडू बॅरी बाँड्सने २००१ मध्ये मेपलच्या बॅटने ७३ होमरन मारल्यापासून सगळ्यांना तीच हवी असते, हे खरं, पण त्याला तुटलेल्या बॅटचे पैसे मोजायचे नव्हते. अगदी फुकटात मिळत असेल तर हँडलवरच्या रेषा बघा, त्या सरळ खालपर्यंत गेलेल्या हव्यात, तिरक्या नकोत. मग बॉलच्या खुणा कुठे आहेत ते बघा. लाकडी बॅट लेबल वर किंवा खाली ठेवून मारायची असते. लेबलवरच खुणा असतील तर आधीच्याने तिला चुकीच्या बाजूने बडवलंय. शेवटी नॉबजवळ, म्हणजे हँडलच्या टोकाच्या गोळ्याजवळ, सैल धरून बॅरलवर बोटाच्या सांध्याने टकटक करा. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द किंवा फाटका आला तर आत चीर आहे.

मापाचं एक राहिलं. बॅटवर उणे ३ असं लिहिलेलं असतं ते लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांतलं अंतर, म्हणजे ३३ इंचांची बॅट ३० औंसांची, साधारण ८५० ग्रॅमची. बीबीकोरमध्ये यापेक्षा हलकी मिळत नाही, त्यामुळे जड वाटली तर लांबी कमी करा. जुन्या काळचा प्रसिद्ध फटकेबाज बेब रूथ हिकरीच्या लाकडाच्या, ४० औंसांहून जड बॅटी फिरवायचा. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. बॅट एका हाताने बाजूला आडवी धरा. थोड्याच वेळात टोक खाली झुकायला लागलं तर एक इंच आखूड बघा.

ग्रिप फाटकी असली तर त्यावरून बॅट नाकारू नका, ती सहज बदलता येते. उलट मालकाची हरकत नसेल तर विकत घेण्याआधीच ती उलगडून आतलं हँडल बघा. चिकटपट्टीचे वेढे चीर झाकायलाही वापरले जातात.