आजीची चिक्की आणि पाकिटावरची कँडी

लाडक्या चिनू,

काल झोपताना तू विचारलंस, "आई, पाकिटावर 'पीनट कँडी' लिहिलंय, मग आजी चिक्कीला पौष्टिक का म्हणते?" मी नुसतं 'हं' करून कूस बदलली. आज बस चुकलीय, तर स्टॉपवर बसून लिहिते.

आधी हिशेब, तुला आकडे लागतात म्हणून. 30 ग्रॅमची वडी धर, निम्मे दाणे, निम्मा गूळ. प्रथिनं 4 ग्रॅमच्या आसपास, फॅट 7, कॅलरी 140. अंड्यात प्रथिनं 6 ग्रॅम, म्हणजे चिक्की काही फुसकी नाही. शेंगदाण्याला इंग्रजीत 'नट' म्हणत असले तरी तो तूर-हरभऱ्याच्या कुळातला. फूल वर लागतं, मग आऱ्या, म्हणजे फुलातून खाली वाढणाऱ्या बारीक दांड्या, जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत भरते. गुळातून मात्र तीन चमचे साखर पोटात जाते. गुळात लोह असतं हे खरं, पण एवढ्याशा तुकड्यात किती असणार? त्यातून आजी वर कपभर चहा पाजते, तो आहे तेही लोह नीट लागू देत नाही. (हे तिला सांगू नकोस.)

आमच्याकडे लातूरला चिक्की संक्रांतीच्या आधी व्हायची. भाजलेले दाणे हातावर चोळून आजी सुपात पाखडायची, उरलेली सालं फुंकायचं काम माझं. मग कढईत चिक्कीचा गूळ. पाक झाला का बघायला थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायचा. गार झाल्यावर तो वाटीवर टण् वाजला की लगेच दाणे ओतायचे. तूप लावलेल्या पोळपाटावर ती भराभर लाटायची, गरम असतानाच सुरीने रेघा मारायची. जरा रेंगाळलं की पाक दगड. मी एकदा मध्येच बोट घातलं होतं, त्याचा डाग अजून आहे, दाखवीन.

ती चिक्की आजोबांच्या खिशात जायची. तुरीच्या काढणीला दिवसभर वाकून काम, जेवण येईस्तोवर दोन वड्या आणि तांब्याभर पाणी. उन्हातून कुणी दारात आलं तरी आधी गूळ-पाणी पुढे, विचारपूस मग. आजीचं "खा लेकरा, अंगी लागंल" हे त्या अंगमेहनतीच्या हिशेबातलं. तू शाळेतून येऊन सोफ्यावर लोळतोस, तुला रोज तीन वड्या लागणार नाहीत. पोहून आलास त्या दिवशी एक, बास.

शाळेत मात्र नेऊ नकोस, मधल्या सुट्टीत लपवूनही. तुझ्या वर्गातल्या त्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागू शकतं.

चार वड्या उरल्यात, तिळाच्या डब्यामागे आहेत. एक घे. खाल्ल्यावर चूळ भर, गूळ दाढेला चिकटतो.

तुझी आई