ती सर्दी नव्हती, वाटीतल्या बिया होत्या

आपला निळ्या कपाळाचा ॲमेझॉन पोपट चार महिने शिंकतो आहे, एका डोळ्याखाली सूज आहे, औषध संपले की नाक पुन्हा वाहते आणि सूर्यफुलाच्या बियांखेरीज तो कशाला चोच लावत नाही, हे वाचून घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरातला एक अख्खा पावसाळा आठवला. मी पशुवैद्य नाही, आणि आपल्या पक्ष्याला निराळेच काही असू शकते, तरीही लिहितो.

आमच्याही पोपटाचे असेच झाले होते. त्याला घेऊन ठाण्यातल्या एका दवाखान्यात आम्ही सात महिन्यांत पाच वेळा गेलो. दर वेळी ‘हवा दमट आहे’ म्हणून तेच प्रतिजैविक मिळाले, पण चोच उघडून कोणी पाहिले नाही की वाटीत काय घालता, हे विचारले नाही. एकदा मीच भीत भीत विचारले, तेव्हा ‘पोपटाने बियाच खायच्या असतात’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मुकाट्याने ऐकून घेतले. त्या पाच पावत्यांपेक्षा ते ऐकून घेणे मला महागात पडले.

पुढे मुलुंडच्या एका डॉक्टरांनी चोच उघडून विजेरीच्या उजेडात आतला टाळू दाखवला: मधल्या फटीच्या कडेचे बारीक काटे पार झिजलेले आणि शेजारी पांढरे ठिपके. सूर्यफुलात चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते कमी पडले की नाकातले ओलसर अस्तर कोरडे, जाड होते, नाकाशेजारच्या पोकळ्या तुंबतात आणि जंतूंना आयते घर मिळते. प्रतिजैविकाने जंतू मरतात, अस्तर सुधारत नाही.

आमच्याकडे अ जीवनसत्त्वासाठी ठेवलेला वाफवलेला लाल भोपळा आठवडाभर वाटीत वाळत राहिला. शेवटी सासूबाई पोपटासमोर बसून भोपळ्याची फोड चवीने खाऊ लागल्या, तेव्हा त्याने मान वाकडी करून पाहिले आणि त्यांच्या हातातूनच ती हिसकावली. नंतर गाजर आणि शेवग्याचा पाला जमला. बिया मात्र एकदम बंद करू नयेत. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन करावे आणि ते घसरू लागले तर बिया पुन्हा वाढवून डॉक्टरांना विचारावे, कारण हट्टी ॲमेझॉन उपाशी राहील पण नवे खाणार नाही. अ जीवनसत्त्वाचे थेंब आपल्या मनाने देऊ नयेत. ते जास्त झाले तरी अपाय होतो.

जाता जाता एक: पिंजरा स्वयंपाकघराजवळ असेल तर तो आधी हलवा. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांतही मरू शकतो.

नव्या डॉक्टरांकडे जाताना वाटीत उरलेले खाणे आणि टरफले तशीच पिशवीत घालून न्या, आणि त्यांनी विचारले नाही तरी टेबलावर ओता.