भाऊ गर्द ओढून झोपलाय की विषबाधा झालीय, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, घेऊन आला की तासन्‌तास घोरत पडतो. पुडीत भलतंच काही मिसळलं असेल तर घरच्यांना कसं कळावं? मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात कॅज्युअल्टीला नर्स आहे. पुडी बघून काही कळत नाही, ताई. श्वास बघा.

"झोपलाय, उतरेल" म्हणत घरचे दार ओढून घेतात. मला त्या घोरण्याचीच धास्ती वाटते. घशात घरघर, मध्येच श्वास अडकतोय, मिनिटाला दहा-बाराहून कमी श्वास, ही झोप नव्हे. घड्याळ लावून मोजा. सावळ्या चेहऱ्यावर निळेपणा चटकन दिसत नाही, म्हणून नखं आणि ओठांची आतली बाजू बघा. डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. पण भेसळ असेल तर तसं दिसेलच असं नाही, त्यावर विसंबू नका.

हाका मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने रगडूनही जागा होत नसेल तर लगेच १०८ लावा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबत आला असेल तर उताणा करा, मान मागे, नाक चिमटीत, दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला घ्या. लिंबू, मीठ-पाणी, ताक काहीही पाजू नका, सरळ फुफ्फुसात जातं.

पोलिसांना घाबरून उशीर करू नका. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, होते, पण उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच बजावलंय.

आमच्याकडे नॅलॉक्सोनचं इंजेक्शन देतात. गर्दवर ते काही मिनिटांत काम करतं, पण झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळलेली असेल तर तिच्यावर नाही. म्हणून उरलेली पुडी, गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, दारू प्यायला असेल तर तेही सांगा. आणि तो उठून बसला, "घरी जातो" म्हणाला, तरी नेऊ नका. इंजेक्शनचा असर तास-दीड तासात ओसरतो, गर्द अंगात त्याहून जास्त वेळ राहू शकते आणि श्वास पुन्हा मंदावतो. डॉक्टर सोडेपर्यंत त्याच्याजवळ बसा.