पाहुणे, पाऊस आणि धबधबा

प्रश्न : गुरुजी, जुलैत माझी नणंद सांगलीहून येतेय. सोबत तिच्या सासूबाई (गुडघे दुखरे) आणि आठ वर्षांचा मुलगा. दूधसागर बघायचाच असा तिचा हट्ट आहे. जीपगाड्या बंद असतात, तर रुळांवरून चालत जाऊ म्हणते. आमचे हे म्हणतात, सत्तरी तालुक्यात कुठेही गाडी थांबवा, वझरच वझर (धबधबेच धबधबे)! मला तर जळवांचीच भीती. काय करू? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ताई, रुळांचं आधी मिटवू. कुळे स्टेशनहून दूधसागरपर्यंत रुळांवरून चालत जायला मनाई आहे. बोगदे आहेत, घाटात गाडी वळणावरून अचानक समोर येते आणि पावसात तिचा आवाजही कळत नाही. जीपगाड्या पावसाळ्यात बंद ठेवतात, कारण वाटेतले ओहोळ गाडीत शिरतील इतके भरतात. साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतात. नणंदेला ३१० मीटरचा दूधसागर बघायचाच असेल तर कुळे-कॅसलरॉक मार्गावरच्या गाडीत बसवा. खिडकीतून दिसेल तेवढा बघायचा, दारात लोंबकळायचं नाही.

आता तुमच्या यजमानांचं. वझर आहेत हे खरं, पण कुठेही थांबा हे मला मान्य नाही. मी वाळपईला मास्तर होतो. वीसेक वर्षांपूर्वी नववीची मुलं घेऊन चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या एका वझरावर गेलो. ऊन पडलं होतं. कोंडीतलं (धबधब्याखालच्या डोहातलं) पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. चपला, डबे एका सपाट दगडावर ठेवले होते. एक पोरगा ओरडला, "सर, उदक तांबडें जालें!" मला वाटलं, कुणी चिखल ढवळला असेल. मग सुकी पानं वाहत आली, पाठोपाठ काटक्या. मुलांना काठावर ओढून मोजतोय तोवर तो दगड पाण्याखाली गेला. माझा स्टीलचा डबा डोळ्यांदेखत गेला, त्यात बायकोने दिलेल्या पोळ्या होत्या. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नव्हता, पाऊस वर घाटमाथ्यावर पडला होता. तेव्हापासून पावसात कोंडीत उतरायचं नाही, हा माझा नियम. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर सरकारनेही धबधब्यांवर बंदी घातली होती. म्हणून अभयारण्यातल्या कुठल्याही वझरावर जायचं मनात आलं तर आदल्या दिवशी वनखात्याकडे विचारा.

तुमच्या मंडळींना मी हरवळ्याला नेईन. अस्नोडा, डिचोली करत साखळी, तिथून जवळच. गाडी रुद्रेश्वराच्या देवळापर्यंत जाते. सासूबाईंना देवळापाशी बसवा, तिथूनही पाण्याची गाज ऐकू येते. पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलाचा हात सोडू नका आणि गुळगुळीत तळव्याच्या प्लास्टिक चपला घरी ठेवा. जवळच पांडवांची म्हणतात ती लेणीही दाखवा. नशीब असेल तर शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकू येईल. माणूस रस्त्यात हरवून आपल्याच नादात शीळ घालतो ना, तसा तो पाण्याच्या आवाजावरून गातो. मुलाला विचारा, कोण शीळ घालतंय? तो "माणूस" असंच सांगेल.

जळवा हरवळ्याच्या बांधलेल्या वाटेवर फारशा भेटत नाहीत, खऱ्या जंगलात भेटतात. चिकटलीच तर मीठ टाकू नका, ती ओकते आणि ते जखमेत जातं. बारीक तोंडाकडून नखाने सरकवून काढायची. रक्त बराच वेळ थांबत नाही, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. कापूस दाबून धरा. दुखत नाही, शपथेवर सांगतो. मुलं तर एकमेकांना किती लागल्या ते मोजून दाखवायची.

परतताना साखळीच्या बाजारात गरम भाजी-पाव घ्या. रस्त्याच्या कडेला बायका पानांत बांधून अळमी (रानातली अळंबी) विकायला बसलेल्या दिसल्या तर गाडी तिथे मात्र जरूर थांबवा. शेकड्याचा भाव ऐकून नणंदेचे डोळे पांढरे होतील, तेव्हा पैसे तुम्हीच द्या.