पोरं स्टार्टलाच मागं पडतात, काय करू?

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या एका शाळेत पीटी टीचर आहे. माझी 100 मीटरची पोरं 40 मीटरच्या पुढं जबरदस्त पळतात पण स्टार्टलाच मागं राहतात, आणि मग ते अंतर शेवटपर्यंत भरून निघत नाही. रोज प्रॅक्टिस संपताना टाळीवर 15-20 स्टार्ट घेतो तरी फरक नाही. रिअॅक्शन टाइम, म्हणजे आवाज झाल्यापासून पोरगं हलेपर्यंतचा वेळ, कसा सुधारायचा?

उत्तर : सर, रिअॅक्शनचं आधी डोक्यातनं काढा. 2009 ला बर्लिनमध्ये बोल्टनं 9.58 चा वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा त्याचा रिअॅक्शन टाइम 0.146 सेकंद होता आणि असाफा पॉवेलचा 0.134, म्हणजे पॉवेल आधी हलला, तरी 9.84 मध्ये तिसरा आला. शिवाय 0.100 च्या आत हललं तर फॉल्स स्टार्टच धरतात, मग तिथं कमवायला जागा उरते किती? बंदूक वाजल्यावर ब्लॉक (स्टार्टला पाय टेकवून मागं ढकलायचा आधार) ढकलण्यात काय होतं आणि पुढची पाच-सहा पावलं कशी पडतात, पोरं मागं पडतात ती तिथं.

ब्लॉक ज्याच्या त्याच्या मापानं लावा. बहुतेक ग्राउंडवर एकदा ठोकलेला ब्लॉक तसाच राहतो आणि उंच-बुटकी सगळी पोरं त्यावरच बसतात, हे मला अजिबात पटत नाही. पोराला टाच-चवडा लावून मोजायला सांगा, रेषेपासून दोन पावलांवर पुढचा ब्लॉक आणि तीनवर मागचा, मग थोडं पुढंमागं करून बघा. ‘सेट’ला, म्हणजे बंदुकीच्या आधीच्या तयारीच्या हुकमाला, कंबर खांद्यापेक्षा जराशी वर, पुढचा गुडघा साधारण 90 अंशात, मागचा 120-130. मागचा पाय आधी सुटतो पण त्यानंही जोर लावायचा असतो, आणि बरीच पोरं तो नुसता टेकवून ठेवतात. मोबाईल कमरेच्या उंचीला धरून बाजूनं स्लो मोशन घ्या आणि त्याचं त्यालाच दाखवा, तुम्ही दहा वेळा ओरडून जे कळत नाही ते तिथं लगेच कळतं. पहिल्याच पावलाला मान वर करून ताठ उभं राहणारा पोरगा तर हमखास सापडेल.

आता ते 15-20 स्टार्ट. दमलेल्या पायांनी स्टार्ट मारला की शरीर तोच ढिला स्टार्ट शिकतं. वॉर्मअप झाला की लगेच, ताज्या पायांनी चार ते सहाच घ्या, प्रत्येकानंतर तीन-चार मिनिटं विश्रांती, पोरं बसून कंटाळली तरी चालेल. आणि तुमच्या टाळीची लय पोरांना पाठ झालेली असणार, म्हणून ‘सेट’ म्हटल्यावर कधी लवकर वाजवा कधी थांबवून ठेवा, कधी वाजवूच नका, परत उभं करा. कानात जीव आणून बसू नका, जोरात ढकला, एवढंच सांगा.

ताकदीचं म्हणाल तर कोल्हापुरात बैठका कुणाला शिकवायला लागत नाहीत, पण शंभर बैठकांनी दम वाढतो आणि स्टार्टला लागतो तो एकदाच सुटणारा जोर. त्यासाठी उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) पुढं फेकणं, आणि हलक्या चढावर 10-15 मीटरचे स्टार्ट. पन्हाळ्याच्या घाटासारखा चढ नको, त्यात पळण्याची ढबच बिघडते. पावसाळ्यात ग्राउंडचा चिखल झाला की उड्या आणि बॉल हॉलमध्ये घ्या, ओल्या मातीत ब्लॉक सरकला की पोरगं घाबरतं आणि मग पुढं पूर्ण जोरच लावत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे, राजारामपुरीत राहते. मी डावखुरी आहे, तर ब्लॉकवर कुठला पाय पुढं ठेवू?

उत्तर : बाळा, हातावरून पाय ठरत नाही. बहुतेक जण जोराचा पाय पुढं ठेवतात कारण तोच जास्त वेळ ढकलतो. एक दिवस उजवा पुढं ठेवून आणि एक दिवस डावा पुढं ठेवून तीन-तीन स्टार्ट मार, सरांना 10 मीटरचा मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांग, आणि ज्यात लवकर पोचतेस तो पाय ठरव. एकदा ठरला की मात्र मैत्रिणीचं बघून बदलू नकोस.