जन्मदाखल्यावर क्रूझ: मुलांचे निभेल, तुमचे नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीत राहणारे तुमचे सहा जणांचे कुटुंब नाताळच्या सुट्टीत फ्लोरिडातील पोर्ट कॅनाव्हरलहून चार रात्रींच्या क्रूझने बहामाजमधील नासाऊला जाऊन येणार आहे. नऊ आणि चौदा वर्षांच्या दोन्ही मुलांचे अमेरिकन पासपोर्ट संपले आहेत, नवे वेळेत येतील याची शाश्वती नाही, आणि क्रूझ कंपनीच्या माणसाने फोनवर 'मुलांचा जन्मदाखला चालेल' असे सांगितल्यामुळे तुम्ही निर्धास्त झाला आहात. जाता जाता तुम्ही हेही लिहिले आहे की तुमच्या पासपोर्टावरचा एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, शिक्का मार्चमध्ये संपला, पत्नीचा एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अजून चालू आहे आणि नाशिकहून आलेले आई-वडील बी-२ या पर्यटक व्हिसावर आहेत. मुलांविषयी त्या माणसाने सांगितले ते बरोबर आहे. मला काळजी वाटते ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या एका वाक्याची.

आधी मुलांचे पाहू. अमेरिकेत विमानाने परत येणाऱ्या नागरिकाला २३ जानेवारी २००७ पासून पासपोर्ट बंधनकारक झाला आणि जमिनीवरून व समुद्रमार्गे येणाऱ्यांसाठी १ जून २००९ पासून नवे नियम लागू झाले. या दुसऱ्या नियमात क्रूझपुरती एक सवलत ठेवलेली आहे. जहाज अमेरिकेच्या ज्या बंदरातून सुटते त्याच बंदरात परत येत असेल आणि मधली सर्व ठिकाणे पश्चिम गोलार्धातली असतील, तर त्या फेरीला 'क्लोज्ड लूप' म्हणतात. अशा फेरीवर सोळा वर्षांखालील अमेरिकन नागरिकाला जन्मदाखला पुरतो, आणि सोळा किंवा अधिक वय असेल तर जन्मदाखल्यासोबत सरकारी फोटो ओळखपत्र लागते. तुमची फेरी या व्याख्येत बसते आणि दोन्ही मुले सोळाच्या आतली आहेत, त्यामुळे त्यांना फोटो ओळखपत्राचीही गरज नाही. न्यू जर्सीहून फ्लोरिडापर्यंतच्या देशांतर्गत विमानप्रवासातही मोठ्यांसोबत असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांकडे ओळखपत्र मागत नाहीत.

आपल्याकडच्या अनेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण भारतात जन्मदाखला म्हणजे शाळाप्रवेशाच्या वेळी वय सिद्ध करण्याचा कागद. तुमच्या मुलांच्या बाबतीत तो नागरिकत्वाचा पुरावा आहे, कारण १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार अमेरिकेच्या भूमीवर जन्मल्यामुळे ती अमेरिकन नागरिक आहेत, आणि जन्म कुठे झाला हे तो कागद सांगतो. म्हणून ही सवलत जहाजाला किंवा कुटुंबाला लागू होत नाही, ती एकेका माणसाला त्याच्या नागरिकत्वामुळे मिळते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी अमेरिकन नागरिकत्व घेतल्यानंतर पुणे महानगरपालिकेचा स्वतःचा जन्मदाखला आणि ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन क्रूझला जाण्याची तयारी केली होती. त्या दाखल्यावरून ते पुण्यात जन्मले एवढेच सिद्ध होत होते. अशा व्यक्तीला पासपोर्ट नसल्यास नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे नागरिकत्व मिळाल्याचे सरकारी प्रमाणपत्र, न्यावे लागते.

कोणता जन्मदाखला न्यायचा, हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण बंदरावर अडलेली बहुतेक कुटुंबे मी याच कारणाने अडलेली पाहिली आहेत. बाळंतपणानंतर रुग्णालय बाळाच्या पावलांचे ठसे उमटवलेला जो देखणा कागद हाती देते, तो आठवण म्हणून चौकटीत लावण्यासाठी असतो. त्याला कायदेशीर किंमत नाही. लागतो तो राज्याने किंवा स्थानिक नोंदणी कार्यालयाने दिलेला, शिक्क्याचा दाखला. मुले न्यू जर्सीतच जन्मली असतील तर जन्म ज्या गावच्या हद्दीत झाला तिथल्या रजिस्ट्रारकडे प्रमाणित प्रत मिळते. लक्षात ठेवा, गाव रुग्णालयाचे धरायचे, तुमच्या घराचे नव्हे. सीमेवरचे अधिकारी मुलांच्या दाखल्याची साधी छायाप्रतही मान्य करतात, परंतु जहाजावर चढवणारी कंपनी स्वतःचा अधिक कडक नियम लावू शकते, म्हणून प्रमाणित प्रतच न्यावी. मुलाचे नाव आरक्षणात दाखल्याप्रमाणे अक्षरशः तेच असू द्या. आपल्या घरांत मधले नाव वडिलांचे असते, शाळेत ते गळते, आणि आरक्षण करताना घाईत कोणी तरी हाक मारायचे नाव टाकून मोकळे होते.

आणखी एक बारकावा मराठी स्त्रियांना विशेष अडचणीत आणतो. अमेरिकन जन्मदाखल्यावर आईचे नाव लग्नापूर्वीचे छापलेले असते. तुमच्या पत्नीच्या पासपोर्टावर लग्नानंतरचे नाव असेल, तर मुलाच्या दाखल्यावरची आई आणि समोर उभी असलेली आई या कागदोपत्री दोन वेगळ्या बायका ठरतात. विवाह नोंदणीचा दाखला सोबत असला की हा प्रश्न मिनिटभरात सुटतो. पत्नी एकटी मुलांना घेऊन जाणार असेल तर तो अवश्य हवा, आणि त्यासोबत तुमचे नोटरीसमोर सही केलेले संमतिपत्रही हवे. अशी वेळ येण्याची शक्यता आहे, म्हणून आता तुमच्याकडे वळतो.

'आपण सहा महिन्यांसाठी नव्हे, चार रात्रींसाठी चाललो आहोत आणि जहाज परत फ्लोरिडातच येणार आहे, मग देश सोडला असे कसे म्हणायचे?' असे तुम्ही विचाराल. मीही २००८ मध्ये माझ्या वकिलाला हेच विचारले होते. उत्तर असे की नासाऊ हे परदेशी बंदर आहे आणि जहाज तिथे थांबते ते केवळ पर्यटनासाठी नव्हे. १८८६ सालच्या एका कायद्यानुसार परदेशात नोंदलेल्या जहाजांना केवळ अमेरिकेच्या बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करता येत नाही. मोठी क्रूझ जहाजे बहुतांशी बहामाज, पनामा अशा देशांत नोंदलेली असल्यामुळे त्यांना फेरीत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. फ्लोरिडाच्या फेऱ्यांत नासाऊ, लॉस एंजेलिसच्या छोट्या फेऱ्यांत मेक्सिकोतील एन्सेनाडा आणि सिॲटलहून अलास्काला जाणाऱ्या फेऱ्यांत कॅनडातील व्हिक्टोरिया दिसते, त्यामागे हा कायदा आहे. तेव्हा परतताना तुम्ही अमेरिकेत नव्याने प्रवेश मागत असता, आणि तिथे एच-१बीवाल्याला पासपोर्टात वैध व्हिसा लागतो. तुमचे आय-७९७ हे एच-१बीचे मंजुरीपत्र आणि त्यावरचा आय-९४, म्हणजे देशात किती दिवस राहता येईल याची नोंद, तुम्हाला देशात राहण्याचा व काम करण्याचा अधिकार देतात, पण बाहेर गेल्यावर परत येण्याचा व्हिसा देत नाहीत.

यावर 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन' नावाचा एक अपवाद आहे आणि कार्यालयातला कोणी तरी सहकारी तुम्हाला तो नक्की सांगेल. तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी केवळ कॅनडाला किंवा मेक्सिकोला जाऊन आल्यास, आय-९४ चालू असताना, संपलेला व्हिसाही परतीपुरता वैध धरला जातो. परंतु बहामाजसारख्या लगतच्या बेटांचा समावेश यात केला आहे तो एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी-संशोधकांसाठी. एच-१बीवाल्याला तो मिळत नाही, त्यामुळे बहामाजसाठी हा मार्ग बंद आहे. मग एन्सेनाडा किंवा कोझुमेल अशा मेक्सिकोच्या बंदराची फेरी घ्यावी, असा विचार मनात येईल. त्यातही एक पेच आहे. मेक्सिको भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसातून सूट देते ती त्याच्याकडे वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असते म्हणून. तुमचा व्हिसा संपलेला आहे, म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही मेक्सिको निवडणार त्याच कारणामुळे तुम्हाला मेक्सिकोचा व्हिसा आधी काढावा लागेल. शिवाय बंदरावरच्या कर्मचाऱ्याला हा अपवाद ठाऊक असेलच असे नाही, आणि तिथे रांगेत उभे राहून नियमावली समजावून सांगण्याचा अनुभव मी तरी पुन्हा घेणार नाही.

ग्रीन कार्डासाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) आय-४८५ अर्ज केलेला असून तो प्रलंबित असेल तर याहून मोठी जोखीम आहे. ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हाती नसताना देश सोडल्यास तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते. वैध एच किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर परतणाऱ्यांना यातून सूट असते, पण तुमच्याकडे नेमका तो वैध व्हिसाच नाही. असा अर्ज केला असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय बंदराकडे फिरकू नका.

आई-वडिलांचे प्रकरण तुलनेने सोपे आहे. त्यांचा बी-२ अनेकदा प्रवेश देणारा आणि परतीच्या तारखेनंतरही वैध असला पाहिजे, आणि मूळ भारतीय पासपोर्ट सोबत हवेत. त्यांनी पूर्वी मुंबईहून गोव्याची क्रूझ केली असेल तर 'तेव्हा तर आधार कार्ड पुरले होते' असे ते म्हणतील. ती देशांतर्गत फेरी होती, एवढेच त्यांना सांगावे. प्रत्येक बंदरासाठी भारतीय पासपोर्टावर काय लागते हे कंपनीकडून फोनवर न विचारता लेखी घ्यावे. फोनवरचा माणूस समोरचा अमेरिकन आहे असे गृहीत धरूनच उत्तर देतो, आणि तुमच्या बाबतीत तसेच झाले असावे. क्रूझ करून आल्यावर आई-वडिलांना मुक्कामासाठी नवे सहा महिने मिळतात, हाही आपल्या मंडळींत पसरलेला एक समज आहे. त्यावर विसंबून त्यांचे परतीचे तिकीट पुढे ढकलू नका.

तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. मुलांना जन्मदाखल्यावर नेता येते म्हणून न्यावेच, असे मला वाटत नाही. ही सवलत जहाज परत येईल त्या जहाजातूनच मूलही परत येईल, या गृहीतावर उभी आहे. नासाऊत मुलाचा हात मोडला, ॲपेंडिक्सचे दुखणे निघाले किंवा बाजारात वेळेचे भान न राहून जहाज सुटले, तर पुढचा मार्ग विमानाचा आणि विमानाला पासपोर्ट लागतो. नासाऊत अमेरिकन वकिलात आहे, तिथे तातडीचा पासपोर्ट मिळू शकतो, पण दोन-तीन दिवस हॉटेलात, आजारी मुलासह काढण्याची तयारी हवी. पूर्व कॅरिबियनमध्ये तर अनेक बेटांचा कारभार बार्बाडोसमधील एकाच वकिलातीतून चालतो. मार्टिनिक किंवा ग्वादलुपसारखी फ्रेंच बेटे फेरीत असतील तर पासपोर्टाशिवाय चालत नाही, मग फेरी क्लोज्ड लूप असो वा नसो.

डिसेंबरला अजून अवकाश आहे, तेव्हा अर्ज आजच करावा. सोळा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि त्याचे टपालाने नूतनीकरण होत नाही. डीएस-११ अर्ज घेऊन मूल आणि दोन्ही पालकांनी समक्ष जावे लागते. साठ डॉलर जादा भरून जलद सेवा घेता येते, आणि प्रवास चौदा दिवसांवर आला तरी हाती काही नसेल तर पासपोर्ट एजन्सीची तातडीची वेळ मागता येते. मात्र या अर्जासोबत मूळ जन्मदाखला पाठवावा लागतो आणि तो पासपोर्टाबरोबर येतोच असे नाही, बऱ्याचदा वेगळ्या टपालाने मागाहून येतो. म्हणून प्रत्येक मुलाच्या दाखल्याच्या दोन प्रमाणित प्रती आधीच काढा. एक अर्जाला जाईल, दुसरी घरात राहील, आणि पासपोर्ट लांबलाच तर त्या दुसऱ्या प्रतीवर मुले जहाजावर चढू शकतील.

तुमच्यापुढे मला दोन पर्याय दिसतात. एक म्हणजे बेत आहे तसाच ठेवून तुम्ही मागे राहणे. दुसरा, परदेशी बंदर नसलेली क्रूझ शोधणे. हवाईच्या बेटांमध्ये होनोलुलूहून 'प्राइड ऑफ अमेरिका' नावाचे जहाज आठवड्याची फेरी करते. ते अमेरिकेतच नोंदलेले असल्यामुळे त्याला परदेशी बंदर घेण्याची सक्ती नाही, आणि देशच सोडायचा नसल्यामुळे तुमचा संपलेला शिक्का आड येत नाही. खर्च वाढेल, विमानप्रवास लांबेल, पण सहाही जण सोबत असतील. मी तुमच्या जागी असतो तर बहामाज पुढच्या वर्षीवर टाकून हवाईला गेलो असतो, किंवा आई-वडिलांना फ्लोरिडाचा किनारा मोटारीनेच दाखवला असता.

जे काही ठरवाल त्यात कागद स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. बंदरावर उतरताच हमाल मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या थेट संध्याकाळी केबिनच्या दाराशी दिसतात. आमच्या पहिल्या क्रूझला माझ्या पत्नीने सगळे दाखले नीट, प्लास्टिकच्या फायलीत, मोठ्या बॅगेत तळाशी ठेवले होते, आणि ती बॅग शोधून काढेपर्यंत आम्ही दीड तास कठड्याला टेकून इतरांना चढताना पाहत होतो.